जर्सी उतरवल्यावर गळ्यात शिट्टी: सांगलीच्या एका पालकांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सतरा वर्षांचा, उंची सहा फूट पाच इंच, राज्याच्या अठरा वर्षांखालील बास्केटबॉल संघाच्या शिबिरापर्यंत पोचलेला. एका ‘एजंटा’ने साडेतीन लाख रुपये मागितलेत. युरोपातल्या क्लबात ट्रायल आणि पुढे करार, असं आश्वासन आहे. पालक विचारतात: पैसे भरावेत का, परदेशात खरंच करिअर होतं का, आणि तीस-बत्तिशीला ते संपलं की पुढे मुलांचं कोचिंग करून पोट भरतं का? पत्राच्या शेवटी एक तक्रारवजा ओळही आहे: ‘रविवारची सकाळ तो शाळेच्या मैदानावर बारक्या पोरांना शिकवण्यात घालवतो, स्वतःचा सराव सोडून.’

पैसे भरू नका. बाकीचं उत्तर लांब आहे, ते सावकाश वाचा, पण एवढं आजच ठरवून टाका.

परवानाधारक एजंट खेळाडूकडून आगाऊ रक्कम घेत नाही. करार झाला, पगार सुरू झाला, की त्यातल्या टक्केवारीवर त्याचं पोट. युरोपात तर ती टक्केवारी बहुतेक वेळा क्लबच भरतो. एजंटांना परवाना देते फिबा, म्हणजे बास्केटबॉलची जागतिक संघटना, आणि परवानाधारकांची यादी तिच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. तुमच्या माणसाचं नाव तिथे शोधा. मला वाटतं सापडणार नाही, कारण एक साधी गोष्ट त्याला ठाऊक नसावी किंवा ठाऊक असून त्याने गिळली असावी. अठरा पूर्ण होईपर्यंत खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली फिबाच्या नियमात बसत नाही. अपवाद आहेत, उदाहरणार्थ आईवडिलांनीच नोकरीसाठी देश बदलला तर, पण ते फिबाकडून मंजूर करून घ्यावे लागतात. अठरानंतरही ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’ लागतं. खेळाडूची शेवटची नोंदणी ज्या देशात, तिथल्या महासंघाने ‘आमची हरकत नाही’ असं लिहून दिलेला हा कागद. आपल्याकडे तो बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया देते. या कागदाचं नावही न काढता जो युरोपच्या गोष्टी सांगतो, तो फार तर तुमच्या खर्चाने पोराला युरोप दाखवून आणेल. विमानाचं तिकीट, आठवडाभर हॉस्टेल, रिकाम्या हॉलमध्ये दोन सराव, आणि क्लबाच्या टी-शर्टात फोटो. असे फोटो घेऊन परत आलेली दोन पोरं माझ्या मैदानावर खेळून गेलीत.

आता करिअरचं. परदेशी बास्केटबॉल म्हटलं की घरोघरी एनबीए, म्हणजे अमेरिकेतली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग, डोळ्यांसमोर येते. ती बाजूला ठेवा. जगात बास्केटबॉल खेळून पोट भरणारे बहुसंख्य खेळाडू एनबीएत नाहीत. ते जर्मनी, फ्रान्स, स्पेन, तुर्कस्तान, जपान, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी, कधी नकाशात शोधावं लागेल अशा गावात खेळतात. करार एका हंगामाचा, आठ-दहा महिन्यांचा. क्लब फ्लॅट देतो, येण्या-जाण्याचं तिकीट देतो, बऱ्या क्लबात एखादी गाडी. मे महिन्यात सामान बांधायचं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये कुठल्या देशात असू ते ठाऊक नाही. गुडघा गेला, किंवा ‘बदली’ खेळाडू मिळाला, की डिसेंबरातही बॅग भरावी लागते. लहान लीगमध्ये पगार दोन-दोन महिने अडकतो. म्हणून तर फिबाने २००७ मध्ये खेळाडू-क्लब-एजंट यांच्या भांडणांसाठी लवाद उभा केला. त्याचं ठाणं जिनिव्हात आहे. पण करारात त्या लवादाचं कलम असेल तरच तिथे दाद मागता येते. कुणी कधी खरा करार पुढे ठेवलाच, तर पगाराच्या आकड्याआधी हे कलम शोधा.

त्यात आपल्या पोराची जागा कुठे, हा खरा प्रश्न. बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा ठरलेल्या असतात. क्लब ती मोलाची जागा कुणाला देईल? अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या नुसत्या पहिल्या विभागात साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. दर उन्हाळ्यात त्यातून शेकडो पोरं पदवी घेऊन बाहेर पडतात. एनबीएत जागा मूठभरांना, बाकीचे सगळे त्याच परदेशी जागांच्या रांगेत. तुमच्या मुलाची स्पर्धा जर्मन किंवा स्पॅनिश पोराशी नाही, ती या रांगेशी आहे. वर व्हिसाचं गणित. जर्मनीत व्यावसायिक खेळाडू म्हणून व्हिसा हवा तर पगाराची किमान पातळी कायद्याने ठरलेली आहे: पेन्शन विम्याचा हप्ता ज्या कमाल पगारापर्यंत कापतात त्याच्या निम्मी, म्हणजे आजच्या हिशेबाने महिन्याला चार हजार युरोंच्या आसपास. शिवाय खेळाडू त्या दर्जाचा असल्याचं महासंघाचं पत्र. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचा क्लब एवढा पगार देतच नाही. त्यामुळे ‘आधी खालच्या लीगमध्ये घुसवतो, मग वर चढेल’ हे वाक्य ऐकायला गोड लागलं तरी कागदावर उभं राहत नाही.

मग कुणी भारतीय गेलेच नाहीत का? गेले, आणि त्यांच्या वाटा नीट पाहण्यासारख्या आहेत. सतनाम सिंग पंजाबातल्या बल्लो के गावचा. लुधियानाच्या अकादमीत शिकला, २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडात गेला, आणि २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय नागरिक. पण एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याच्या वाट्याला आला नाही. टेक्सास लेजेंड्सकडून एनबीएची दुय्यम डेव्हलपमेंट लीग, मग कॅनडा, मग उत्तेजकाच्या चाचणीवरून बंदी, आणि आता तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्ती खेळतो. अमृतपाल सिंग शेतकऱ्याच्या घरचा. वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षापर्यंत त्याने बॉल हातात धरला नव्हता, आणि २०१७ मध्ये तो सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य लीगमध्ये उतरला. त्याच वर्षी विशेष भृगुवंशीला ॲडलेडच्या संघाने सरावापुरतं करारबद्ध केलं. तेव्हा तो भारताचा कर्णधार होता. एका देशाचा कर्णधार आणि दुसऱ्या देशात सरावाचा खेळाडू: आपली पायरी कुठे आहे ते याहून स्पष्ट मला कधी सांगता आलेलं नाही. प्रिन्सपाल सिंग एनबीएच्या दिल्लीजवळच्या अकादमीतून ऑस्ट्रेलियामार्गे अमेरिकेतल्या त्याच दुय्यम लीगच्या (आता नाव जी लीग) इग्नाइट संघात पोचला.

माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत मोठी मजल गीतू अ‍ॅना जोसची. केरळची, दक्षिण रेल्वेत नोकरीला. २००६ पासून तीन हंगाम मेलबर्नजवळच्या रिंगवूड क्लबाकडून खेळली, आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे महिलांच्या एनबीएच्या, तीन संघांनी तिला ट्रायलला बोलावलं. तेव्हा ना अकादमी होती, ना शिष्यवृत्तीची जाहिरात. तिच्याबद्दल आपल्याकडे दोन ओळीही छापून येत नाहीत, ही आपल्या खेळपानांची गंमत.

या नावांत एक गोष्ट सारखी आहे: जवळजवळ प्रत्येकाच्या मागे भारतातली नोकरी किंवा एखादी संस्था उभी होती. विशेष ओएनजीसीचा, गीतू रेल्वेची. परदेश हा वरचा मजला. पाया रेल्वे, ओएनजीसी, सेनादल, बँका आणि पोलीस यांनी घातलेला. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यासाठी स्पर्धेची प्रमाणपत्रं पडताळून घ्यावी लागतात. ते काम आधी करा, कारण ऐन भरतीच्या तोंडावर पडताळणीसाठी धावाधाव करणारे मी पुष्कळ पाहिलेत.

मुलाला बाहेर जायचंच असेल तर माझ्या मते एकच वाट विचार करण्याजोगी आहे, ती शिक्षणाची. अमेरिकन कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली तर हातात पदवी तरी राहते. अमान संधू याच वाटेने मॉनमथ विद्यापीठात गेला, पण तो सात फुटी आहे, हे विसरू नका. सहा-पाच उंचीला तिथे रिंगपासून लांब, गार्ड किंवा विंग म्हणून खेळावं लागतं. म्हणजे डाव्या हाताने ड्रिबल, पळता पळता थांबून शॉट, आपल्याहून चपळ माणसाला पायांनी अडवणं. रिंगखाली उभं राहून रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल, घेणारा सहा-पाचचा मुलगा तिथे कुणालाच नको असतो. शिवाय बारावीनंतर नुसतं खेळण्यासाठी वर्षं वाया घालवली तर कॉलेजकडून खेळण्याच्या पात्रतेचं घड्याळ सुरू होतं. पहिल्या विभागाचा विचार असेल तर एका वर्षाच्या आत प्रवेश झालेला बरा. आणि हल्ली तिथले खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतात, त्यामुळे प्रशिक्षक कच्च्या अठरा वर्षांच्यापेक्षा तयार बावीस वर्षांच्याकडे झुकतात. दार बंद नाही, पण चार वर्षांपूर्वीपेक्षा अरुंद झालंय.

माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी मोठा खेळाडू नव्हतो. पुणे विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलो, २००३ मध्ये एम.एस. करायला जर्मनीत गेलो, आणि श्टुटगार्टच्या बाजूच्या एका गावातल्या क्लबात खेळायला लागलो. वरून मोजलं तर पाचवी-सहावी पायरी. सामन्यामागे पेट्रोलचे पैसे आणि हंगामाला एक बुटांचा जोड, एवढीच कमाई. त्याच्या बदल्यात क्लबाने एक अट घातली: मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी दहा वर्षांखालच्या पोरांचा सराव मी घ्यायचा.

ही अट माझ्यापुरती नव्हती. परदेशातल्या खालच्या लीगमध्ये हा रिवाजच आहे. आयर्लंडमध्ये आलेला अमेरिकन खेळाडू शाळाशाळांतून शिकवत फिरतो, ऑस्ट्रेलियातल्या राज्य लीगमध्येही क्लबाच्या ज्युनियर संघांची जबाबदारी परदेशी खेळाडूच्या करारात असते. क्लब एका पगारात दोन माणसं विकत घेतो, म्हणा हवं तर. पण त्यामुळे खेळाडू कोच होतो तो निवृत्तीनंतर नाही, बावीस-तेविसाव्या वर्षीच. आपल्याकडे उलटं आहे. खेळणं संपतं, नोकरीत बढती होते, पोट सुटतं, आणि मग गळ्यात शिट्टी येते.

तर पहिला मंगळवार. मी काय केलं? जे आयुष्यभर पाहिलं तेच. पोरांच्या दोन रांगा लावल्या, पुढच्याच्या हातात बॉल, ले-अप (धावत येऊन रिंगजवळून टाकायचा शॉट) मारा, मागे जाऊन उभे राहा. माझ्याबरोबर क्लबातल्या एक बाई होत्या, निवृत्त शाळामास्तरीण, सत्तरीच्या आसपास. त्या भिंतीला टेकून एका पोराकडे बघत बसल्या होत्या. वीस मिनिटांनी जवळ आल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘अकरा.’ मला कळेना. त्या पोराने वीस मिनिटांत अकरा वेळा बॉलला हात लावला होता. मग त्यांनी बॉलची जाळी उचलली आणि सगळे बॉल जमिनीवर ओतले. प्रत्येक पोराला एक. उरलेली चाळीस मिनिटं हॉलमध्ये नुसता गोंधळ, पण त्या गोंधळात एकही पोरगं उभं नव्हतं.

तिथल्या व्यवस्थेच्या काही गोष्टी मला तेव्हा बालिश वाटल्या होत्या. लहानांची रिंग ३.०५ मीटरवर नाही, २.६० वर. बॉल पाच नंबरचा, घेर सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, मोठ्यांच्या सात नंबरहून चांगला शंभरेक ग्रॅम हलका. आणि लहान गटांत झोन डिफेन्स, म्हणजे माणूस न धरता जागा राखणं, नियमानेच बंद, प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा. मी मनात म्हणायचो, हे काय खेळणं? आमच्याकडे दहा वर्षांचं पोरगं मोठ्या रिंगवर मारतं! मारतं खरं, पण कसं? दोन्ही हातांनी, कमरेतून, बॉल खांद्यामागून फेकून. ती सवय पुढे सहा वर्षं मोडावी लागते, आणि निम्म्यांची मोडत नाही. छोटी रिंग म्हणजे सवलत नव्हे. योग्य हाताने, योग्य कोनातून शॉट पोचावा म्हणून केलेली ती सोय आहे. झोनचंही तसंच. दहा वर्षांच्या पोरांकडे लांबून शॉट नसतो, म्हणून पाच पोरं रिंगखाली उभी केली की सामना जिंकता येतो. जिंकणारी पोरं मात्र डिफेन्सला पाय हलवायला शिकत नाहीत आणि हरणारी आत घुसायला.

हे सगळं समजून-उमजून मी २००७ मध्ये पुण्यात परत आलो, आणि तरी पहिल्याच वर्षी नेमकी तीच चूक केली. चारचौघांत मी ती मुद्दाम सांगतो. तेरा वर्षांखालचा संघ होता. त्यात एक पोरगा, बाराव्या वर्षी पाच फूट नऊ इंच. मी त्याला रिंगखाली उभं केलं. हात वर, बॉल आला की फिर आणि टाक. वर दोन-तीनचा झोन: दोघं पुढे, तिघं रिंगखाली. जिल्ह्यात कुणी आमच्यासमोर टिकलं नाही. पालक खूश, शाळा खूश, वर्तमानपत्रात फोटो. पोरगा पाच फूट दहा इंचांवर थांबला. सोळाव्या वर्षी त्याच्याहून उंच सहा जण झाले, आणि त्याला ना ड्रिबल येत होतं, ना पंधरा फुटांवरून शॉट. सतराव्या वर्षी त्याने खेळ सोडला. मला एकदा भेटला, आदराने वाकून नमस्कार केला. ते जास्त लागलं.

डर्क नोविट्झकीची गोष्ट तेव्हा मला ठाऊक होती, आणि ठाऊक असून डोक्यात उतरली नव्हती. जर्मनीतल्या व्युर्झबुर्गचा हा पोरगा पंधरा-सोळाचा असताना होल्गर गेश्विंडनर नावाच्या माणसाच्या नजरेस पडला. गेश्विंडनर स्वतः १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीचा कर्णधार होता. त्या काळच्या कुठल्याही कोचने असल्या उंच पोराला रिंगला पाठ टेकवून उभं केलं असतं. गेश्विंडनरने त्याला शॉट शिकवला. कोन, बोटं, गुडघा, वर्षानुवर्षं. पुढे सात फुटांचा तो माणूस लांबून शॉट मारत एनबीएचा इतिहास बदलून गेला. जर्मनीने २०२३ मध्ये मनिलात विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघातले उंच खेळाडूही ड्रिबल आणि पास करत होते. आपण शिकायचं ते एवढंच, की उंची हा सतराव्या वर्षी मोजायचा ऐवज आहे. बाराव्या वर्षी तिच्यावर संघ उभारू नये.

परदेशात खेळलेला माणूस चांगला कोच होतोच असं मुळीच नाही. उलट त्याची एक खास अडचण असते: जे हाताला येतं ते तोंडाला येत नाही. मला विचाराल की क्रॉसओव्हर करताना, म्हणजे बॉल झटकन एका हातातून दुसऱ्या हातात नेताना, कुठला पाय आधी, तर जर्मनीत जाईपर्यंत मला सांगता येत नव्हतं, कारण तो विचार मी कधी केलाच नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीला ‘असं कर, बघ’ म्हणून चालत नाही. ती बघते, आणि तिला दिसतो फक्त वेग. ले-अप शिकवायचा तर शेवटून शिकवावा लागतो. आधी बोर्डाजवळ उभं राहून डाव्या पायावर उडी, उजवा गुडघा वर, उजव्या हाताने बॉल चौकोनावर. ते जमलं की एक पाऊल मागे. मग दोन: उजवा, डावा, वर. ड्रिबल सगळ्यात शेवटी. हे चार टप्पे करायला तीन आठवडे लागतात, आणि ज्याने स्वतः ते पाचव्या यत्तेत एका संध्याकाळी उचललं, त्याचा संयम पहिल्याच आठवड्यात संपतो.

सतनाम, अमृतपाल यांना घडवलं लुधियानाच्या अकादमीत डॉ. सुब्रमण्यन यांनी. त्यांच्या नावावर परदेशी लीगचा एकही हंगाम नव्हता. मुंबईत नागपाड्याचे अब्बास मुन्तसिर, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते, भारताचे कर्णधार. त्यांची पिढी आजच्यासारखी परदेशी क्लबात गेली नाही, पण त्या एका मोहल्ल्याने देशाला किती खेळाडू दिले ते पाहा, कारण मोठे खेळाडू संध्याकाळी त्याच मैदानावर लहानांच्या समोर खेळत होते. दुसरीकडे वाराणसीच्या दिव्या सिंग. भारताच्या कर्णधार, मग अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकल्या आणि परतून भारताच्या ज्युनियर संघांच्या प्रशिक्षणात आल्या. त्या बाहेर गेल्या त्या शिकायला, आणि तेच परत आणलं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला हा नमुना सर्वांत जवळचा वाटतो.

आता पोटाचं. जर्मनीत मुलांच्या कोचला बहुतेक क्लब थोडंसंच मानधन देतात. सरकारने अशा मानधनावर वर्षाला काही हजार युरोंपर्यंत कर माफ केलाय, २०२१ पासून ती मर्यादा तीन हजार होती. त्यावर घर चालत नाही. दिवसा नोकरी, संध्याकाळी हॉल. फक्त वरच्या व्यावसायिक क्लबांना पूर्णवेळ युवा प्रशिक्षक ठेवणं परवान्याच्या अटींमुळे भाग पडतं. आपल्याकडेही फार वेगळं नाही. शाळेत कायम क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, लागते. स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया किंवा राज्याच्या पदांसाठी पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) एक वर्षाचा डिप्लोमा वजनदार ठरतो. सुरुवातीला तिथलाच सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करता येतो. स्वतःचं केंद्र काढलंत तर मैदानाचं भाडं पहिलं खातं, पाऊस दुसरं आणि दहावीची परीक्षा तिसरं. मी पहिली तीन वर्षं कंपनीत नोकरी करून कोचिंग केलं. चौथ्या वर्षी नोकरी सोडली, तेव्हा माझ्याकडे साठ पोरं होती आणि बायकोचा पगार होता. दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख केंद्रं चालवणारे सहसा करत नाहीत, म्हणून मी केला.

आता रविवारच्या सकाळीबद्दल. तुम्ही तिला वाया गेलेली वेळ म्हणता. मला तुमच्या पत्रातली ती सर्वांत चांगली बातमी वाटली. तरी त्याला एक प्रयोग करायला सांगा. एका पोराचे वीस मिनिटांतले बॉलला झालेले स्पर्श मोजू दे, त्या जर्मन बाईंसारखे. पन्नासच्या आत असतील तर रांगा मोडायच्या. पाच नंबरचे बॉल सहा-सात मिळवा, सगळे नवे नकोत, हवा धरली म्हणजे झालं. लोखंडी रिंग खाली आणता येत नसेल तर भिंतीवर खडूने चौकोन काढा, सुरुवातीला तेवढं पुरतं. आणि एक वही: त्या दिवशी काय शिकवलं, कुणाला जमलं नाही आणि का. माझी जर्मनीतली वही अजून माझ्याकडे आहे. खेळाडू म्हणून मी तिथे काय केलं त्याची कुठेच नोंद नाही. त्याचा स्वतःचा सराव बुडतोय म्हणता, तर तो सातला सुरू करू दे, पोरं नऊला बोलावू दे.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखतं असं तुम्ही लिहिलंय. उंची भराभर वाढते त्या वर्षांत हे बऱ्याच मुलांना होतं, कारण हाड आधी वाढतं आणि मांडीचा स्नायू ओढ देतो. सतराव्या वर्षी ते ओसरायला हवं. राहिलंय म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, आणि तोवर सिमेंटच्या कोर्टावर उड्यांचे सराव बंद. वेदनाशामक खाऊन सामना खेळवू नका, शिबिरात निवड व्हायची असली तरी.

आणि कॉलेजांना पाठवायचा व्हिडिओ. गाणं लावून केलेली, उडी मारून बॉल रिंगमध्ये कोंबण्याची (‘डंक’ची) दीड मिनिटाची फीत कुणी बघत नाही. दोन पूर्ण सामने द्या, त्यातला एक हरलेला. कॅमेरा मधल्या रेषेवर, उंचावर, म्हणजे दहाही खेळाडू दिसतील. जर्सीचा नंबर, उंची, जन्मतारीख आणि बारावीचे गुण पहिल्याच पाटीवर. बॉल त्याच्या हातात नसताना तो काय करतो तेच ते आधी पाहतात.